समर्थसाहेबांची डावी टाच

कुंडलिकशेठनं दादाभाऊ भालचिमला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं, तेव्हाच त्याला कसंनुसं झालं. एरवी शेठ त्याच्याशी बोलायचे ते उभ्याउभ्या, गवत कापायच्या मशीनपाशी नाहीतर फाटकात.

"बस," शेठ म्हणाले. दादाभाऊ बसला, पण खुर्चीच्या कडेला.

"उद्यापासून तीन दिस जयदेव समर्थ येत्यात. देशाचे चॅम्पियन व्हते, तुला ठावंच असंल. बारा जणांचं शिबिर घेणार. मला त्यांना दोन वर्सं हितं बांधून घ्यायचंय. पन नुसतं नाव बघून न्हाई. तू तीन दिस बघायचं, तोंड उघडायचं न्हाई, आन् रविवारी मला सांगायचं, ह्या मानसाला शिकवता येतं का न्हाई."

"मी सांगू?"

"मंग कोन सांगनार? मला द्राक्षं कळत्यात. गोल्फ हितं तुझ्याबिगर कुनाला कळतंय?"

ते खरंच होतं. शेठ मूळचे पिंपळवंडीचे. द्राक्षं परदेशी धाडता धाडता एकदा स्वतःच तिकडं जाऊन आले, तिथं हिरव्यागार माळावर म्हातारीकोतारी माणसं चेंडू मारताना पाहिली, आणि ते खूळ डोक्यात घेऊन परतले. मढच्या अलीकडं, माळशेजच्या वाटेवर त्यांनी मुरमाड माळ घेतला, नऊ खड्ड्यांचं मैदान केलं, वर राहायच्या खोल्या बांधल्या. दादाभाऊला ठेवला तो गवत कापायला. पण मुंबईत मोठ्या क्लबात अठरा वर्षं खेळाडूंच्या बॅगा वाहिलेला हा माणूस, नवख्यांना क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, कसा धरायचा ते सांगू लागला, आणि बघता बघता तीन वर्षांत शिकवण्याचं काम त्याच्याकडंच आलं. गवताला दुसरा गडी लागला.

समर्थ कायमचे आले तर दादाभाऊ पुन्हा मशीनवर जाणार, हे शेठ बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. आणि दादाभाऊनंही एक गोष्ट सांगितली नाही. त्या अठरातली सहा वर्षं त्यानं जयदेव समर्थांचीच बॅग उचलली होती.

दादाभाऊ लहानपणापासून एका जागी न ठरणारा. शाळेत बाकावर बसवेना, म्हणून मास्तर त्याला पाणी भरायला पाठवत. सतराव्या वर्षी बहिरूमामा त्याला मुंबईला घेऊन गेले. मामा डबे पोचवायचे, त्यांचा एक डबा गोल्फ क्लबाच्या कचेरीत जायचा. मामानं भाच्याला तिथं चिकटवून दिलं. दिवसभर चालायचं काम, पाठीवर बॅग, पायाखाली गवत. त्याला ते इतकं मानवलं की बाकीच्यांना जो कंटाळा यायचा तो त्याला कधी आलाच नाही. शिवाय नजर होती. खेळाडूनं क्लब मागं नेला की चेंडू कुठं जाणार हे त्याला चेंडू उडायच्या आधी कळायचं. समर्थसाहेबांनी ते हेरलं आणि त्याला आपल्याकडं घेतलं. साहेब देशाचे चॅम्पियन झाले त्या वर्षी दादाभाऊ तेवीसचा होता. आता तो पन्नाशी ओलांडून दोन वर्षं झालेला, आणि साहेब पासष्टीचे.

शुक्रवारी सकाळी साहेब गाडीतून उतरले ते कमरेवर हात ठेवून. चाल पार बदलली होती. दादाभाऊ मुद्दाम मागं उभा राहिला, पण साहेबांनी बारा शिकाऊंच्या घोळक्यातून बरोबर त्याच्याकडं पाहिलं.

"दादा? अरे, तू इथं?"

त्यांनी सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. "माझ्या विजयात या माणसाचा वाटा आहे," ते म्हणाले. "मी चिडलो की हा बॅग घेऊन पुढं चालू लागायचा. मला मागून जावंच लागायचं."

लोक हसले. दादाभाऊचा ऊर भरून आला, पण क्षणभरच. ज्यानं मिठी मारली त्याचीच पारख आता आपल्याला करायची होती.

साहेबांनी पहिल्यांदा सरावाच्या पट्ट्यावर स्वतः पाच-सहा चेंडू मारून दाखवले. तो आवाज दादाभाऊनं किती वर्षांनी ऐकला. कोरडा, तुटक, एखादी सुकी काटकी मोडावी तसा. चेंडू पूर्वीइतका लांब जात नव्हता, पण जायचा तिथंच जात होता. पुण्याहून आलेली मंडळी मोबाइल धरून उभी होती. मग साहेबांनी शिकवायला सुरुवात केली.

"माझ्या खेळाचं सगळं रहस्य दोन गोष्टींत आहे," ते म्हणाले. "डोकं तसूभर हलवायचं नाही. आणि क्लब मागं नेताना डावी टाच जमिनीवरून उचलायची नाही. आयुष्यात मी ती कधी उचलली नाही."

चेंडूंच्या पालथ्या टोपलीवर बसलेला दादाभाऊ ताडकन उठला. मग आपण का उठलो हे कुणी विचारू नये म्हणून उगाच चार चेंडू गोळा करत हिंडला.

कारण ती टाच त्याच्या ओळखीची होती. सहा वर्षं तो साहेबांच्या शेजारी बॅगेपाशी उकिडवा बसायचा. त्याची नजर त्यांच्या बुटांच्या उंचीवर असायची. क्लब वर गेला की डावी टाच दोन बोटं उचलायची, आणि खाली येता येता ती धप्पकन टेकायची, त्यात सगळा जोर असायचा. संध्याकाळी बूट पुसायचं काम त्याचंच. डाव्या बुटाला चवड्यापाशी खोल आडवी घडी पडलेली असायची, उजव्याला एवढी नाही. दर मोसमात डावा बूट आधी फाटायचा.

शिकणाऱ्यांत अमरीन आतार होती. जुन्नरच्या शाळेत गणित शिकवायची, वय पस्तिशीच्या आतबाहेर. मागच्या वर्षी शाळेतल्या शिक्षकांबरोबर सहलीला आली होती, गंमत म्हणून चेंडू मारला आणि तो सरळ गेला. तेव्हापासून दर रविवारी स्कूटीवरून यायची. तिचा क्लब मोकळा फिरायचा, अंग पिळ्यासारखं वळायचं आणि टाच आपोआप उचलायची. दादाभाऊनं तिची पकड नीट करून दिली होती, बाकी कशाला हात लावला नव्हता.

साहेब तिच्यापाशी आले. त्यांनी तिच्या डाव्या टाचेला क्लबाचं टोक टेकवलं. "टाच उचलते आहे. बंद कर," ते म्हणाले. बोलणं कठोर नव्हतं, उलट मायेचं होतं.

तिनं टाच रोवली. चेंडू दहा पावलं घरंगळला. पुढचाही. संध्याकाळपर्यंत तिची टोपली तीनदा रिकामी झाली, आणि धड उडालेले चेंडू बोटांवर मोजण्याएवढे.

दादाभाऊ घरी गेला तो थेट खाचरात. भाताची कापणी चालली होती. त्यानं बायकोच्या, वैजयंतीच्या शेजारची ओळ धरली आणि इळा असा चालवू लागला की मुठी वाकड्यातिकड्या पडू लागल्या.

"अवो, भात कापताय का कुनावरचा राग काढताय?" ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. शेठनं काय विचारलंय, साहेब काय शिकवतायत, मॅडमचे चेंडू कसे जातायत. मग इळा खांद्यावर टाकून बांधावर येरझाऱ्या घालत म्हणाला, "साह्यबांचं खरंच चुकतंय, का माझं काम जानार म्हनून मला चुकल्यावानी दिसतंय, त्येच कळंना."

"दुसऱ्या कुनाला इचारा."

"कुनाला? हाय कोन?"

वैजयंतीनं पेंढी बांधली, कंबर सरळ केली. "चेंडूला इचारा की. त्याचं कुठं काम जातंय?"

शनिवारी दादाभाऊ खिशात वही घालून गेला. बारा जणांची बारा पानं केली. उडाला की उभी रेघ, घरंगळला की आडवी. बसून राहावत नव्हतं म्हणून तो पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत रेघा मारत होता. दुपारपर्यंत नऊ जणांचं पहिल्यापेक्षा बिघडलं होतं. एकाला काही फरक नव्हता. पण हडपसरचे दोघे भाऊ, अंगानं आडवेतिडवे, जे कालपर्यंत झोपाळ्यासारखे डुलत मारायचे, त्यांचे चेंडू आज खरोखर उडत होते. टाच रोवल्यानं त्यांचं डुलणं थांबलं होतं.

त्या दोन पानांनी त्याला बेचैन केलं. वर्षभर तो त्या दोघांना डुलू नका, डुलू नका म्हणत आला होता. पाय रोवा असं त्याला सुचलं नव्हतं.

दुपारनंतर साहेबांनी सगळ्यांना खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर नेलं. बूट काढायला लावले. डोळे मिटून चेंडूपासून खड्ड्यापर्यंत चाला म्हणाले, आणि उतार कुठं आहे ते तळव्यांनी सांगा. लोक लाजत, चाचपडत चालले. मग साहेब बोलत गेले. गवत कोणत्या बाजूला झुकलंय, पहाटेचं दव वाळल्यावर चेंडू किती पुढं पळतो, हलका चेंडू मारताना श्वास कधी सोडायचा. तासाभरात तेच लोक चार पावलांवरून चेंडू खड्ड्यात टाकू लागले. हे गवत पूर्वी रोज कापलेला दादाभाऊ तोंडात बोट घालायचा बाकी राहिला होता. तिसऱ्या खड्ड्याचा उतार ओढ्याकडं आहे असं तो तीन वर्षं सांगत होता. तो उलटा होता.

निघताना अमरीननं त्याला पार्किंगमध्ये गाठलं. हेल्मेट हातात होतं.

"दादाभाऊ, एक विचारू? माझी टाच उचलायची ती चूक होती का? तुम्ही वर्षभर कधी बोलला नाहीत."

तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. दादाभाऊनं खिशातली वही चाचपली. शेठनं तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं, ते एक निमित्त हाताशी होतंच.

"साह्यब सांगत्यात तसं करा मॅडम," तो म्हणाला. "त्ये चॅम्पियन हायेत."

ती मान हलवून निघून गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच पाय बदलत उभा राहिला.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला अमरीन क्लब मागं नेता नेता थांबली. "आई गं," एवढंच म्हणाली आणि क्लबाच्या आधारानं खाली बसली. कमरेत उसण भरली होती. बायकांनी तिला धरून खोलीत नेलं, गरम पाण्याची पिशवी दिली. साहेब मागून जाऊन विचारपूस करून आले आणि पुन्हा पट्ट्यावर येऊन म्हणाले, "शरीराला सवय नसली की होतं. चला, टाच खाली."

चहाच्या सुट्टीत दादाभाऊ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. साहेब झाडाखाली एकटेच बसले होते.

"साह्यब, तुमची टाच उचलायची."

"काय?"

"डावी. दोन बोटं. मी सहा वर्सं बघितलीय."

साहेबांनी कप खाली ठेवला. चेहरा आधी हसरा होता, तो हळूहळू आवळला. "दादा, खेळत मी होतो. तू बॅग धरून बसायचास."

"व्हय. खालीच बसायचो, म्हनून तर दिसायची. बूट बी मीच पुसायचो. डावाच आधी फाटायचा, चवड्यापाशी. तुमी दुकानदाराला शिव्या द्यायचे."

साहेबांनी डावा पाय पुढं घेऊन बुटाकडं पाहिलं. दादाभाऊला आपले हात कुठं ठेवावेत कळेना.

"मला तर ती जमिनीला खिळल्यासारखी वाटायची," शेवटी ते म्हणाले. आवाज उतरला होता. "खोटं नाही सांगत. आजही आठवलं की तसंच वाटतं. आणि कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून तर ती उचलतच नाही."

"तुमी खोटं बोलताय आसं मी न्हाई म्हनलं."

"मग लोकांना काय सांगू? मला काय वाटायचं ते सोडून माझ्याकडं दुसरं काय आहे?"

दादाभाऊनं खाली ठेवलेला कप उचलून त्यांच्यापुढं धरला. साहेब उठले आणि त्याच्याकडं न बघता निघून गेले. दुपारी त्यांनी पट्ट्यावर कुणालाच उभं केलं नाही. सगळा वेळ हिरवळीवर काढला, आणि शिकवलं मात्र कालच्याहून चांगलं.

संध्याकाळी दादाभाऊ ऑफिसात गेला. या वेळी बसलाच नाही.

"शेठ, आदी एक सांगतो. साह्यब आले तर माझं शिकवन्याचं काम जातंय. त्ये धरून माझं बोलनं ऐका. हिरवळीवर त्यांच्यावानी शिकवनारा तुमाला गावायचा न्हाई. मीच दोन दिसांत लई शिकलो. पन लांबचा फटका त्यांनी शिकवू नये. बारातल्या नवांचं बिघडलं. आतार मॅडमची कंबर धरली." त्यानं वही पुढं ठेवली.

शेठनं वही उघडली, दोन पानं उलटली. मग मिटून त्याच्याकडं सरकवली.

"दादाभाऊ, सह्या शुक्रवारीच झाल्या. येताना ते कागद घिऊनच आले व्हते. त्यांना दुसरीकडून बी बोलावनं व्हतं, थांबायला येळ न्हाई म्हनाले." शेठ जरा ओशाळले. "तुझं बोलनं ध्येनात ठेवतो."

दादाभाऊ बाहेर आला. तीन दिवसांची ती तगमग, आणि निकाल पहिल्याच दिवशी लागून गेला होता. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी सारखा पार्किंगमधला तो क्षण समोर येत होता. जिथं त्याच्या एका वाक्यानं काही घडलं असतं तिथं तो गप्प बसला होता, आणि जिथं काही उपयोग नव्हता तिथं सगळं बोलून आला होता.

पुढच्या सोमवारपासून तो मशीनवर गेला. समर्थसाहेब महिन्यातून दोनदा, शनिवार-रविवार येत. दोघांत रामराम व्हायचा, त्यापलीकडं काही नाही. अमरीन आलीच नाही. एक रविवार गेला, दुसरा, तिसरा. दादाभाऊ गवत कापता कापता फाटकाकडं बघायचा आणि पट्टा वाकडा जायचा. चौथ्या आठवड्यात त्यानं सुट्टी टाकली आणि एस.टी.नं जुन्नर गाठलं.

शाळा सुटली होती. अमरीन स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसली होती. त्याला बघून उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं. कंबर बरी होती.

"मॅडम, त्या दिशी मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुमची टाच बरूबर व्हती. मला ठावं व्हतं. भ्यालो."

तिनं पेनाचं टोपण लावलं. "टाचेचं मला शनिवारी दुपारीच कळलं होतं, दादाभाऊ. मी आठवड्याला किती चेंडू मारते, किती उडतात, सगळं लिहिते. आकडे बोलत होते."

"मग इचारलं कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "कमरेचं दुखणं माझ्या हट्टानं झालं. कळत असून करत राहिले. तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल, असं वाटत होतं."

दादाभाऊ मान खाली घालून बसला. उठून जावं असं फार वाटत होतं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो उठला नाही. अमरीननं पुढची वही उघडता उघडता विचारलं, "हिरवळीवर साहेब येतात अजून?"

"येत्यात. त्ये चुकवू नका. त्यात त्यांचा हात धरनारं कुनी न्हाई."

जानेवारीत ती परत आली. पट्ट्यावर तिची पाळी आली तेव्हा तिनं सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं की टाच रोवून तिचे चेंडू उडत नाहीत, तर काय करावं. मशीन बंद करून दादाभाऊ ऐकत उभा होता. साहेब थोडा वेळ तिच्या पायांकडं पाहत राहिले.

"टाचेचं दादाला विचार," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडं वळले. त्यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत. पण पट्ट्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेठनं ते ऐकलं होतं. फेब्रुवारीपासून लांबचा फटका दादाभाऊकडं आणि हिरवळ साहेबांकडं असं ठरलं. सकाळी सातपर्यंत गवत, नंतर शिकवणं.

एका रविवारी अमरीननं त्याला मारताना मोबाइलवर टिपलं, हळू चालणाऱ्या चित्रात. तो दोन वर्षं सगळ्यांना घसा फोडून सांगत आला होता, उजवं कोपर अंगाला चिकटवून ठेवा, माझं बघा. तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर उडत होतं.

"परत लावा," दादाभाऊ म्हणाला. तिनं लावलं. त्यानं पाचदा पाहिलं. मोबाइल हातात घेऊन पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा पाहिलं. मला तर ते चिकटलेलंच वाटतं, असं तो म्हणणार होता, पण ते वाक्य त्यानं आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. 

त्या दिवशी साहेब हिरवळीवर एकटेच चेंडू घालत होते. दादाभाऊ मोबाइल मागून घेऊन तिकडं गेला आणि काही न बोलता त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

"तेव्हाही उडायचं," ते म्हणाले. "तू माझा क्लब घेऊन चोरून मारायचास ना, तेव्हा. मी पाहिलंय."

"मग बोलला का न्हाई?"

"चेंडू सरळ जायचा. काय बोलणार?"

दादाभाऊ त्यांच्याजवळ उभा राहिला. मग त्यानं विचारलं, उतार जोरदार असला की पहिला चेंडू कुठं टाकायचा. साहेबांनी त्याला बूट काढायला सांगितले.